काळ्या मातीवरचे घर: कबनूरच्या कामगाराला परवडेल असा निवारा

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. त्यांपैकी दुसरी गरज भागविण्यासाठी ज्यांचे हात दिवसरात्र राबतात, त्यांची स्वतःची तिसरी गरज मात्र अद्याप अपुरीच राहिली आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात इचलकरंजी शहराला खेटून वसलेले कबनूर हे या विसंगतीचे बोलके उदाहरण आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढील शतकभरात माग शहराच्या हद्दीत मावेनासे झाले आणि शेजारच्या गावांत पसरले. मागांच्या मागोमाग कामगार आले. कोणी आसपासच्या खेड्यांतून आणि कर्नाटकातून आले, तर कोणी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशासारख्या दूरच्या राज्यांतून. मीटरवर मजुरी घेणाऱ्या या कुटुंबांना गावात काम मिळाले, पण घर मिळणे सोपे राहिले नाही.

गेल्या काही वर्षांत स्वस्त आणि ऊर्जेची बचत करणाऱ्या बांधकाम साहित्याची चर्चा जोरात आहे. राखेच्या विटा, न भाजलेल्या मातीचे ठोकळे, पोकळ भिंती, थंड छपरे अशी अनेक नावे ऐकू येतात. शासनाच्या पुस्तिकांतही त्यांची चित्रे असतात. या साहित्याने कबनूरसारख्या गावातील कामगाराला खरोखरच घर परवडेल काय? परवडले तर किती प्रमाणात, आणि न परवडल्यास अडचण कोठे आहे? याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे. कारण गरिबाच्या आयुष्यात घर एकदाच बांधले जाते आणि त्यात झालेली चूक पुढील पिढीलाही भोगावी लागते.

अनुदानाचे गणित

२०११ च्या जनगणनेत कबनूरची नोंद 'जनगणना नगर' अशी झाली. याचा अर्थ असा की, वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा. हा फरक केवळ कागदावरचा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले ते २०१६ मध्ये, आणि २०२४ मध्ये योजनेला मुदतवाढ मिळाली तेव्हाही हा आकडा तोच राहिला. शहरी योजनेत मात्र महाराष्ट्रातील पात्र कुटुंबाला केंद्र व राज्य मिळून २ लाख ५० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. इचलकरंजीची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. तिच्या हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे सिमेंटचे पोते एकाच दराने मिळते, गवंडीही एकच मजुरी मागतो. साहाय्याचा आकडा मात्र हद्दीबरोबर बदलतो.

राज्य शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण घरकुलाच्या अनुदानात ५० हजार रुपयांची वाढ जाहीर केली. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही पावले स्वागतार्ह आहेत. तरीही ग्रामीण योजनेत अपेक्षित असलेले किमान २५ चौरस मीटरचे घर एवढ्या रकमेत पूर्ण होणे कठीण आहे, हे घरकुल बांधलेले कोणतेही कुटुंब सांगेल. उरलेली रक्कम उचल, बचत गटाचे कर्ज किंवा मोडलेले दागिने यांतून उभी राहते. म्हणूनच साहित्यात वाचणाऱ्या प्रत्येक रुपयाला येथे मोल आहे. तो रुपया कर्जाचा असतो आणि त्याला व्याज लागते.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग केले होते. पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. या विभागणीत मोठे शहाणपण होते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर ज्वारी उत्तम येते, पण भिंत उभी राहत नाही. घर बांधायचे ते पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणाच्या घट्ट जमिनीवर.

पंचगंगेच्या खोऱ्यातील गावे वाढत गेली, तशी गावठाणे भरली आणि वस्ती काळीत उतरली. शेताचे गुंठे पडले, गुंठ्यांवर घरे उभी राहिली. ज्याच्याकडे पैसा आहे तो काळी माती काढून मुरमापर्यंत खोदतो. ज्याच्याकडे नाही तो दोन-अडीच फुटांवर थांबतो. दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात आणि दारे चौकटीत अडकू लागतात. खोल खणून खडकावर पाया घालणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानातील दृष्टान्त आपल्याला परिचित आहे. काळ्या मातीच्या प्रदेशात तो अक्षरशः खरा ठरतो. भिंत कितीही स्वस्त आणि आधुनिक असली, तरी पाया चुकला की सारी बचत व्यर्थ होय.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया प्रचारात आणला. साधारण साडेतीन मीटर खोलीच्या खाली ऋतुमानानुसार होणारी मातीची हालचाल नगण्य होते. तेथवर भोके पाडून, तळ रुंद करून, सळया घालून काँक्रीट भरायचे आणि वरून तुळई टाकून तिच्यावर भिंत उभी करायची, अशी ही रीत आहे. माती खोलवर काळी असेल तेथे सलग पाया खणण्यापेक्षा ती किफायतशीर ठरते. परंतु त्यासाठी लागणारे औजार आणि ते हाताळणारी टोळी एका घरासाठी आणणे परवडत नाही. वीस घरे एकत्र बांधली तरच हा खर्च वाटून जातो. स्वस्त घराचा पहिला धडा हाच की, बचत एकट्याने होत नाही.

भिंत: विटा किती वाचतात?

आता भिंतीकडे वळू. बाहेरून ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशा घराच्या बाहेरील भिंतींना, दारे-खिडक्या वगळून, नऊ इंची जाडीत अंदाजे ६ हजार विटा लागतात. याच विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून मधे पोकळी सोडली, तर सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि चुना-सिमेंटचा मालही कमी लागतो. या पोकळ बांधणीचा प्रसार केरळात लॉरी बेकर यांनी केला. भिंतीतील हवेच्या थरामुळे बाहेरची उष्णता आत सावकाश पोहोचते. आपल्या उदाहरणात सुमारे दीड हजार विटांची बचत होते. तेवढ्याने घर फुकट होत नाही, पण एका मजुराच्या संसारात ती रक्कम उपेक्षणीयही नाही.

मात्र ही बांधणी विटेच्या मापावर अवलंबून आहे. नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड अशा सुबक विटा असल्या, तर कडेवरच्या दोन विटांमध्ये तीन इंचांची पोकळी राहते. सहा इंच रुंद आणि चार इंच जाड वीट घेतली की पोकळी एक इंचावर येते आणि सारे गणित बिघडते. वाकड्या, अर्धवट भाजलेल्या विटांनीही ही भिंत नीट होत नाही. म्हणजे बचतीची सुरुवात गवंड्याच्या थापीपासून नव्हे, तर वीटभट्टीच्या साच्यापासून होते.

भट्टीचा प्रश्न आणखी व्यापक आहे. भाजलेली वीट शेताची सुपीक माती खाते आणि कोळसा, बगॅस, भुसा जाळून तयार होते. २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वीटभट्ट्यांनी हवा नागमोडी फिरविणारी रचना, उभ्या शाफ्टची पद्धत अथवा नैसर्गिक वायूचे इंधन स्वीकारावे, असा नियम केला. नागमोडी रचनेत तेवढ्याच विटांना कमी इंधन लागते आणि वीटही सारखी भाजते. हा नियम गावोगावच्या लहान भट्ट्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी केवळ दंडाची भाषा पुरणार नाही. भट्टीवाल्याला कर्ज आणि प्रशिक्षण दोन्ही द्यावे लागेल.

न भाजलेल्या विटेचा पर्यायही आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला. तेथील संशोधकांनी मातीत थोडे सिमेंट मिसळून, हातयंत्राने दाबून ठोकळे करण्याचे तंत्र विकसित केले. अशा भिंतीला भाजलेल्या विटांच्या भिंतीपेक्षा निम्म्याहूनही कमी ऊर्जा लागते. पण येथेही मातीच निर्णय देते. या ठोकळ्याला वाळूचा अंश अधिक असलेली माती हवी. नुसत्या काळ्या मातीचा ठोकळा वाळताना फुटतो. तिच्यात चुना आणि भरपूर वाळू मिसळावी लागते, आणि मग स्वस्ताई कमी होते. मुरमाड किंवा पांढरी माती जवळ मिळत असेल तरच हा पर्याय शहाणपणाचा. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत पाणी कोठवर येते हे दाखवून दिले आहे. पूररेषेच्या आत न भाजलेल्या मातीच्या भिंती उभारणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

छप्पर: रात्रपाळीचा कामगार आणि दुपारची झोप

भिंतींची चर्चा पुष्कळ होते, छपराची कमी. वस्तुतः यंत्रमाग कामगाराच्या दृष्टीने छप्परच सर्वांत महत्त्वाचे. माग दिवसपाळीला आणि रात्रपाळीलाही चालतात. रात्रभर खडखडाटात उभा राहिलेला कामगार सकाळी घरी येतो आणि भर दुपारी झोपू पाहतो. डोक्यावर लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत ती खोली भट्टीसारखी तापते. झोप अपुरी राहते आणि त्याच अवस्थेत तो पुन्हा संध्याकाळी धावत्या यंत्रासमोर उभा राहतो. घराची उष्णता हा येथे केवळ सोयीचा विषय नसून आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा विषय आहे.

काँक्रीटचा साधा स्लॅब हेही पूर्ण उत्तर नव्हे. तो दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट बहुतांशी सळ्या धरून ठेवण्यापुरतेच असते. तेथे सळ्यांच्या चौकटीत मंगलोरी कौले बसविली, तर काँक्रीटचा सुमारे पाचवा हिस्सा वाचतो आणि कौलांखालील हवेमुळे उष्णताही काहीशी अडते. लहान घराच्या स्लॅबला वीस-पंचवीस पोती सिमेंट लागते, असे धरले तर चार-पाच पोती वाचतील. कौलारू छपरे काढून स्लॅब टाकणाऱ्या कुटुंबांकडे जुनी कौले घरीच असतात. ती कचऱ्यात जाण्याऐवजी स्लॅबमध्ये जाऊ शकतात. अर्थात सळ्यांचे अंतर आणि जाडी अभियंत्याने ठरवून दिली पाहिजे. हे काम अंदाजाने करण्याचे नव्हे.

छपरावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्याच्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविण्याची रीत आपल्या गवंड्यांना चांगली ठाऊक आहे. तिने गळती थांबते आणि घरही थंड राहते. ज्यांना तेवढाही खर्च झेपत नाही, त्यांनी पत्र्यावर किंवा स्लॅबवर दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात दिले तरी खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम जोडली. या उपायाला कोणतेही नवे साहित्य लागत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही तो करता येतो. सिमेंटच्या पत्र्यांविषयी एक सूचना मात्र आवश्यक आहे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कापू वा घासू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

टाकाऊतून टिकाऊ: आशा आणि मर्यादा

कोल्हापूर जिल्हा साखर कारखान्यांचा आणि फौंड्रींचा जिल्हा. कारखान्यांच्या बॉयलरमधून बगॅसची राख निघते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फौंड्रींतून वापरलेली वाळू निघते. या दोहोंतून विटा आणि ठोकळे करावेत, ही कल्पना योग्यच आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेबाबत केंद्र शासनाने १९९९ पासून नियम केले आणि क्रमाने ते अधिक कडक केले. त्यातून राखेच्या विटांचा उद्योग उभा राहिला. पण कबनूरजवळ औष्णिक केंद्र नाही. राख सोलापूर किंवा रत्नागिरीकडून आणावी लागेल आणि वाहतुकीचा खर्च विटेच्या किमतीत मिसळेल. बगॅसची राख जवळ आहे, परंतु ती प्रत्येक कारखान्यात सारखी नसते. तिच्यात न जळलेला कोळसा उरतो, म्हणून ती दळून आणि तपासूनच वापरावी लागते. जेथे तपासणी नाही तेथे 'पर्यावरणपूरक' या नावाखाली निकृष्ट माल गरिबाच्या माथी मारला जाण्याचा धोका आहे.

प्रयोग कोणाच्या घरावर?

येथे या प्रश्नाच्या मुळाशी आपण येतो. नवे तंत्र आले की ते आधी गरिबाच्या घरकुलात वापरून पाहावे, अशी आपल्याकडे सवय आहे. श्रीमंताचा बंगला मात्र नेहमीच्या सिमेंट-सळईतच उभा राहतो. मग गरीब मनुष्य विचारतो, 'हे इतके चांगले असेल, तर साहेबांच्या घराला का नाही?' त्याचा संशय अज्ञानातून नव्हे, अनुभवातून आलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि मातीची धाबी कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर आपल्या अधिकच जवळचा. तेव्हापासून 'मातीचे घर म्हणजे मृत्यू' आणि 'सिमेंट म्हणजे सुरक्षितता' हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले आहे. दोष मातीत नसून जोडणीत होता. जोत्याशी आणि दारांच्या वर काँक्रीटचे आडवे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या असत्या, तर पुष्कळ घरे तगली असती. पण हे व्याख्यान देऊन पटत नाही, दाखवावे लागते.

लॉरी बेकर यांचे केरळातील यश यातच आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिरुवनंतपुरम येथे त्यांनी विकास अध्ययन केंद्राचा परिसर आणि येशूसंघीयांच्या लोयोला संस्थेचे प्रार्थनामंदिर त्याच उघड्या विटांत, त्याच जाळीदार भिंतींत बांधले. ज्या तंत्राने गरिबाचे घर, त्याच तंत्राने विद्वानांची संस्था आणि देवाचे मंदिर! ते पाहून सामान्य माणसाला 'स्वस्त' म्हणजे 'हलके' नव्हे, हे पटले. १९८५ मध्ये बेकर, अच्युत मेनन, के. एन. राज आदींनी स्थापन केलेल्या 'कॉस्टफोर्ड' संस्थेने हे काम पुढे नेले आणि त्यासाठी गवंडीही घडविले.

महाराष्ट्रात संघटनेच्या बळाचे उदाहरण सोलापूरचे आहे. तेथे विडी कामगार स्त्रियांची १० हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. त्यानंतर कुंभारी येथील रे नगरात यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरावेचक अशा असंघटित श्रमिकांच्या ३० हजार घरांच्या प्रकल्पातील १५ हजार घरांचे १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरण झाले. हा विजय प्रामुख्याने नव्या साहित्याचा नाही. तो सहकाराचा आणि चिकाटीचा आहे. एकेकट्या कुटुंबाला जी जमीन, जे कर्ज आणि जो दर मिळाला नसता, तो हजारोंच्या संस्थेला मिळाला.

काय करता येईल?

कबनूर आणि परिसरासाठी यातून काही स्पष्ट निष्कर्ष निघतात. घरकुल मंजूर करताना पैशांच्या हप्त्याबरोबर जमिनीची तपासणीही व्हावी आणि काळ्या मातीच्या जागेसाठी पायाचा खर्च वेगळा धरला जावा. पंधरा-वीस लाभार्थ्यांचे गट करून विटा, सिमेंट आणि पायाचे काम एकत्रित घ्यावे. २०२० मध्ये राज्यात सुरू झालेल्या महाआवास अभियानात नमुना घरे आणि घरकुल मार्ट यांची कल्पना होती. ही नमुना घरे केवळ उद्घाटनापुरती न राहता पोकळ भिंत, कौलांचा स्लॅब आणि थंड छप्पर डोळ्यांनी दाखविणारी असावीत. गवंड्यांचे प्रशिक्षण तेथेच व्हावे. ग्रामीण आणि शहरी अनुदानातील दरी जनगणना नगरांपुरती तरी बुजवावी, ही मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी लागेल.

आणि एक काम शासनाचे नाही, आपले आहे. अंगणवाडी, शाळेची खोली, समाजमंदिर, धर्मग्रामाचे सभागृह, धर्मभगिनींचा दवाखाना अशी बांधकामे होतच असतात. पोकळ भिंतीचा आणि कौलांच्या स्लॅबचा पहिला प्रयोग या वास्तूंवर व्हावा. चूक झालीच तर संस्था ती सोसू शकते. मजूर कुटुंब सोसू शकत नाही. यश आले तर भर उन्हाळ्यातही थंड असलेल्या त्या सभागृहात बसून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस आपल्या गवंड्याला विचारील, 'आमच्या घराला असे करता येईल का?' त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे चार गवंडी जरी गावात तयार झाले, तरी कबनूरच्या कामगाराच्या दुपारच्या झोपेसाठी ते कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.